तिकीट त्यांचं, विहीर तुमची

या वेळचं पत्र वर्धा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावातून आलंय. चार पानं भरून आहे, नावगाव काढून जेवढं लागतं तेवढंच देते.

"मावशी, माझं वय ३१. सात एकर वावर आहे, सोबत एका कृषी केंद्रात कामाले असतो. आज्यापासून आमचं घर एकाच पक्षाचं. आता नगराध्यक्षाच्या आरक्षणाची सोडत निघाली, सर्वसाधारण महिला. पक्षात दोन गट पडले. एक आमचे जुने भाऊ, पंचवीस वर्षं झाली पक्षाचे झेंडे लावून राहिले, ते बायकोसाठी तिकीट मागून राहिले. दुसरे जिनिंगवाले, दोन वर्षांपूर्वी पक्षात आले, तेही बायकोसाठीच मागून राहिले. मी जुन्या भाऊंकडून, अन् माझा चुलतभाऊ, ज्याले मी लहानपणापासून दादा म्हणतो, तो जिनिंगवाल्यांकडून. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर आमचं वाजलं. मी लिहिलं की काही लोकं कापसाच्या गाडीसारखे, जिकडे भाव तिकडे. त्यानं मले ग्रुपमधून काढलं अन् खाली लिहिलं, याच्या बापानं बी आयुष्यभर सतरंज्याच उचलल्या. बाबाले जाऊन चार वर्षं झाली मावशी. तेव्हापासून बोलणं बंद. विहीर सामायिक आहे, परवा रात्री माझ्या पाळीले ओलिताले गेलो तर मोटरीच्या पेटीले कुलूप. हरभरा सुकून राहिला. यंदा दिवाळीचं फराळाचं ताट ना तिकडून आलं ना इकडून गेलं. उमेदवार कोण पाहिजे ते सांगा, तिकीट जिनिंगवाल्यांना गेलं तर मी बंडखोराचं काम करू का पक्षच सोडू, अन् दादाचं काय करू तेही सांगा."

बाळा, तू तीन गोष्टी विचारल्या आणि दादाची सगळ्यात शेवटी विचारली, मी मात्र तिथूनच सुरू करते कारण हरभरा थांबत नाही.

तिकिटावरून पक्षात भांडण होणं यात काही वाईट नाही हे आधी डोक्यात घे. लोक म्हणतात पक्षात वाद नको, एकजूट पाहिजे, मला ते पटत नाही. जिथं उमेदवार कोण यावर कोणी तोंडच उघडत नाही तिथं उमेदवार वरून येतो आणि खालच्यांनी फक्त हार घालायचा असतो. तुम्ही दोघं भांडून राहिले म्हणजे तुम्हाला अजून गावाचं काही वाटतं, हे मी चांगलंच मानते. पण भांडण होतं उमेदवारावरून, आणि त्यात तुझे बाबा कधी आले, विहीर कधी आली, ते जरा आठवून बघ. कापसाच्या गाडीचं तू लिहिलंस ना, तिथूनच. तू दादाच्या मताबद्दल नाही बोललास, तो विकला गेला असं बोललास, आणि तेही दीडदोनशे लोकांसमोर. मग त्यानं जिथं तुला सगळ्यात जास्त लागेल तिथंच मारलं. त्याचं चुकलंच, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नसतं आणि पाण्याला कुलूप तर कोणत्याच भांडणात लावायचं नसतं, आपल्याकडे दुष्मनाच्या ढोरालाही हौदावरून हाकलत नाहीत. पण पहिला दगड तुझा होता, हे पत्रात तू एका ओळीत उरकलंस.

मी वर्ध्यातच वाढले, म्हणून ही गोष्ट मला नेहमी आठवते. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली होती. तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपती म्हणायचे, एवढा त्या पदाचा मान. सुभाषबाबू आदल्या वर्षी हरिपुऱ्याला अध्यक्ष झालेले, त्यांना परत उभं राहायचं होतं. गांधीजी तेव्हा आपल्या सेवाग्रामला राहायचे, त्यांच्या मनात दुसरं होतं. मौलाना आझादांचं नाव पुढं आलं, त्यांनी माघार घेतली, मग पट्टाभी सीतारामय्या उभे राहिले. देशभर कार्यकर्त्यांनी यावरून वाद घातले, आणि मतदान झालं तेव्हा सुभाषबाबूंना १५८०, पट्टाभींना १३७७. गांधीजींनी उघड म्हटलं की ही हार पट्टाभींपेक्षा माझी जास्त आहे. इथपर्यंत मला सगळं चांगलं वाटतं बाप्पा, दोन नावं होती, मतं मोजली, एक जिंकला, हरलेल्यानं हार कबूल केली.

पण पुढचं जे झालं ते आपल्या वर्ध्यात झालं. फेब्रुवारीत इथं कार्यकारिणीची बैठक होती, सुभाषबाबू तापानं आजारी, येऊ शकले नाहीत, बैठक पुढं ढकला म्हणून त्यांनी कळवलं, आणि कार्यकारिणीच्या बारा जणांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन झालं तर त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं, आणि तिथं ठराव झाला की अध्यक्षानं कार्यकारिणी नेमायची ती गांधीजींच्या इच्छेप्रमाणे. एप्रिल संपता संपता त्यांनी अध्यक्षपद सोडलं. राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले, सुभाषबाबूंनी मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक काढला. माणसं सगळी मोठी, त्यांच्या देशभक्तीवर मी एक अक्षर बोलणार नाही, पण निवडून आलेल्या माणसाला काम करू न देणं याला मी पेटीला कुलूप लावणंच म्हणते. मतात हरलो तर पाणी बंद करायचं, ही खोड जुनी आहे आणि तिनं तेव्हाही नुकसानच केलं.

आणि सुभाषबाबूंनी काय केलं बघ. देश सोडून गेले, आझाद हिंद सेना उभी केली, तिच्या ब्रिगेडना नावं दिली ती गांधी, नेहरू आणि आझाद. ज्यांच्याशी अध्यक्षपदावरून एवढं वाजलं त्यांचीच नावं. १९४४ च्या जुलैत रेडिओवरून बोलताना गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून हाक मारली. रस्ता त्यांनी बदलला नाही, मतही बदललं नाही, पण माणसाचा मान काढून घेतला नाही. तुझ्या दादाचं मत जिनिंगवाल्यांकडं आहे ते असू दे, तो तुझा दादा आहे ते तिकिटाच्या आधीपासून आहे.

आता घरातलं सांगते. आमच्या यांनीही पक्षाचं काम केलं, सायकलवर बॅटरी आणि भोंगा बांधून गावोगाव फिरलेत. यांचे एक जिवलग होते, मी त्यांना भाऊजी म्हणायची, दोघांचा एक दिवस एकमेकांशिवाय जात नव्हता. जिल्हा परिषदेच्या एका तिकिटावरून दोघं दोन बाजूला झाले. ज्याच्यासाठी हे भांडले त्याला तिकीट मिळालं, तो निवडून आला, आणि पुढच्या निवडणुकीच्या आधी दुसऱ्या पक्षात गेला, जाताना यांना एक शब्द सांगितला नाही. इकडे दोस्ती तुटलेली ती तुटलेलीच. सहा वर्षांनी भाऊजींच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली, पण पोस्टानं आली. ज्या घरी आम्ही न विचारता चुलीपाशी जाऊन बसायचो त्या घरून पोस्टमन पत्रिका टाकून गेला. हे ती पत्रिका हातात घेऊन बराच वेळ ओसरीत बसले होते, मला आजही तो दिवस दिसतो. आम्ही लग्नाला गेलो, पंगतीत बसलो, वाढणारी पोरं परकी होती, जिलबी एकदा पानात टाकली आणि पुढं गेली, कोणी आग्रह केला नाही. यांनी पानातलं सगळं संपवलं आणि आम्ही शेवटच्या एसटीनं परत आलो. पुढं बोलणं सुरू झालं, पण ती सहा वर्षं गेली ती गेलीच. म्हणून तुला घाईनं लिहून राहिले.

तर उद्या सकाळी विहिरीवर जा. घरी नको, घरी काकू, वहिनी, पोरं असतात, माणूस घरच्यांसमोर मागं हटत नाही. मधे कोणाला घालू नको, आणि फोनवर तर काहीच लिहू नको. मोटरीचं आधी बोल, राजकारणाचं बोलूच नको. म्हण, दादा, ग्रुपवर मी तुला विकाऊ म्हटलं ते चुकलं, ते मी ग्रुपवरच परत घेतो, मला परत अॅड कर. एवढं झालं की बाबांचं बोल, गिळू नको ते, सांग की तू बाबांबद्दल लिहिलंस ते मला फार लागलं. आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर येऊ दे. तुझे बाबा त्याचेही काका होते, त्याच्या मनातही ती ओळ टोचत असणार, लिहून झाल्यावर माणसाला कळतंच.

आणि सतरंज्या उचलल्या म्हणून तू मान खाली घालू नको. सभा संपल्यावर पुढारी गाडीत बसून निघून जातात, सतरंजी झटकून, घडी घालून, मोजून जो परत करतो त्याच्या भरवशावर पक्ष चालतात. मला ती शिवी वाटतच नाही.

विहिरीची नोंद सातबाऱ्यावर इतर अधिकारात आहे का ते एकदा तलाठ्याकडून बघून ठेव, आज्याच्या वाटणीत बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं. पण तो कागद खिशात घेऊन दादाकडे जाऊ नको. कागद पुढच्या पिढीसाठी, आत्ता तोंडाचा शब्दच चालेल.

आता उमेदवार. तू मला जुने भाऊ की जिनिंगवाले असं विचारलंस. मी तुझं पत्र तीनदा वाचलं. चार पानांत भाऊंनी किती मोर्चे काढले ते आहे, जिनिंगवाल्यांनी किती मंडळांना वर्गणी दिली ते आहे, कोण खासदारांच्या जवळचा ते आहे, आणि पद महिलेचं आहे. पण त्या दोन बायांपैकी एकीचंही नाव तू लिहिलेलं नाहीस. भाऊंच्या बायको, जिनिंगवाल्यांच्या बायको, एवढंच. त्या शिकल्या किती, बोलतात कशा, गावाच्या पाण्याबद्दल त्यांना काय वाटतं, काही नाही. आणि चौथ्या पानाच्या मागं, अगदी खाली, तू लिहिलंस की तशी एक नगरसेविकाही इच्छुक आहे, दोनदा निवडून आली, टाकीच्या कामासाठी मुख्याधिकाऱ्याच्या केबिनबाहेर बाया घेऊन बसली होती, पण तिच्यामागं कोणी नाही.

बाळा, काहून नाही कोणी? तू आहेस ना.

मला राग तुझ्यावर नाही, मला राग या सवयीचा आहे. १९९३ पासून शहरांच्या कारभारात बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या, एवढ्या वर्षांत एक पिढी मोठी झाली, आणि अजून सोडत महिलेची निघाली की आपण पुरुषांची नावं घेऊन भांडतो. फॉर्मवर सही तिची, बॅनरवर फोटो तिचा, आणि खुर्चीच्या बाजूला दुसरी खुर्ची टाकून बसणार तो. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, अमरावतीची सून म्हणून आपल्या विदर्भात केवढा आनंद झाला होता. पण सून व्हायच्या आधी, १९६२ मध्येच, त्या २७ व्या वर्षी आमदार झाल्या होत्या, त्यांचं लग्न झालं १९६५ मध्ये. कोणाची तरी बायको म्हणून त्यांची सुरुवात झाली नाही. अशा बाया आपल्या गावात असतात, फक्त आपण पत्राच्या मागच्या बाजूला त्यांना ठेवतो.

एक गोष्ट कामाची सांगते. नगराध्यक्ष आता थेट लोकांतून निवडला जातो, २०१६ ला ते आलं, २०२० ला बंद केलं, २०२२ ला परत आणलं. म्हणजे तुझ्या प्रभागातले नगरसेवक तू निवडणार, पण नगराध्यक्षाचं बटण सगळं गाव दाबणार, वरच्या पेठेपासून झोपडपट्टीपर्यंत. त्यामुळे असंही होतं की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, मग प्रत्येक ठरावाला ओढाताण. तिथं जी बाई बसणार तिला सभा चालवायची आहे, स्थायी समिती चालवायची आहे, मुख्याधिकारी हा सरकारचा माणूस, त्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे, विरोधातल्यांशी बोलून ठराव पास करून घ्यायचा आहे. पंचवीस वर्षं निष्ठा हे मोठंच आहे, पण निष्ठा नवऱ्याची आणि खुर्ची बायकोची हा हिशेब जुळत नाही. आणि तुझ्या दादाचं म्हणणं असेल की जिनिंगवाल्यांकडे पैसा आहे, ते निवडून येऊ शकतात, तर त्याचंही मी हसण्यावारी नेणार नाही, हरणारा उमेदवार देऊन कार्यकर्त्यांना राबवणं हाही अन्यायच आहे. पण पैशानं गाड्या फिरतात, नळ येत नाही.

म्हणून पक्षाचे निरीक्षक मुलाखतीला येतील तेव्हा तुम्ही दोघंही जा, आणि मागणी एकच करा की मुलाखत बायांची घ्या, नवऱ्यांना बाहेर चहा पाजा. तिघींनाही विचारा, आपल्या गावात पाणी किती दिवसांआड येतं, कोणत्या भागात नळ येतच नाही, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत शिरत नाही, घरपट्टी किती वसूल होते, पहिल्या सहा महिन्यांत काय करणार. जी उत्तर देताना दाराकडे बघत नाही तिच्यासाठी भांडा. कदाचित जुन्या भाऊंच्या बायकोच फार हुशार निघतील, कदाचित जिनिंगवाल्यांच्या, मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही कारण आजवर कोणी त्यांना विचारलंच नाही.

तिकीट मिळालं नाही तर काय, याचं माझं मत पक्कं आहे. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडेपर्यंत जे बोलायचं ते तोंडावर, बैठकीत, नाव घेऊन बोल, निरीक्षकाला लेखी दे, काही मागं ठेवू नको. पण एकदा फॉर्म गेला की तुझ्यापुढं दोनच इमानदार वाटा आहेत. उमेदवार पटला तर काम कर. अजिबातच पटत नसेल तर तालुकाध्यक्षांना भेटून सांग की यंदा माझ्यानं प्रचार होणार नाही, मी घरी बसतो, आणि खरंच घरी बस. दिवसा पक्षाचा गमछा घालून फिरायचं आणि रात्री बंडखोराच्या चिठ्ठ्या वाटायच्या, हे आपल्याकडे फार चालतं, आणि त्यानं पक्षाचं जे व्हायचं ते होवो, माणूस आतून पोकळ होतो, मग त्याच्यावर बायकोही भरवसा ठेवत नाही. बंडखोराचं काम करायचंच असेल तर आधी राजीनामा दे, मग उघड कर. पक्ष सोडायचा की नाही हे मात्र निवडणुकीच्या धामधुमीत ठरवू नको, तीन पिढ्यांचं घर आहे, तूर निघाल्यावर शांतपणे बसून ठरव.

आणि ज्यांच्यासाठी तुम्ही दोघं भांडून राहिले, ते जुने भाऊ आणि जिनिंगवाले, तूच लिहिलंस की परवा एका साक्षगंधाला एकाच टेबलावर जेवत होते. त्यांचं ते बरोबरच आहे, राजकारणात असंच बोलतं-चालतं राहावं लागतं. तुम्ही मात्र रात्रीच्या थंडीत एक जण कुलूप लावून झोपला आणि दुसरा स्प्रिंकलरचे पाइप खांद्यावर घेऊन कोरड्या वावरात उभा.

हरभऱ्याला फुलावर यायच्या आधीचं पाणी चुकवू नको, ते चुकलं तर घाट्यांवर परिणाम होतो, तुला मी काय सांगू, तू कृषी केंद्रात रोज हेच सांगत असशील. या आठवड्यात लाइन रात्रीची असेल तर दादालाच म्हण की चल सोबत, पाइप बदलायला दोन माणसं लागतातच. आणि दिवाळीचा चिवडा, शंकरपाळे डब्यात काही उरलं असेल तर विहिरीवरून येताना तो डबा काकूंच्या हातात दे. शिळं झालं असेल तरी चालेल, काकू काही म्हणणार नाहीत.

— मावशी